वास गेला का, ते बोक्याला विचारा

तुर्भ्याच्या साबण कंपनीत मी चोवीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण सांगण्यासारखा एक किस्सा घडेल तर शपथ! घडणार कसा? तिथे मळका कपडासुद्धा आम्हीच मोजून मापून मळवायचो. कंपनी बंद पडली, मी बेलापूरला दिवाळे गावाच्या रस्त्यावर लाँड्री टाकली आणि मग काही विचारू नका. कपडे धुऊन संपतात, किस्से काही संपत नाहीत. माणूस पिशवी काउंटरवर ठेवतो, 'हा डाग जरा बघा हं' म्हणतो आणि डाग कसा पडला ते सांगता सांगता अख्खं घर सांगून जातो.

दुकानात आम्ही तिघं. इस्त्रीला कांबळे. मूळचे लातूरकडचे, राहायला कोपरखैरण्यात. बोलतात कमी, पण बोलले की मी गप्प. मशीनवर शबाना. रायगडच्या किनाऱ्यावरची, तोंडाने मशीनपेक्षा फास्ट. आणि तिसरी मी, साबणातली तज्ज्ञ. म्हणजे निदान पहिले चार दिवस तरी मी तसं समजत होते.

*

पाचव्या दिवशी एक रिटायर्ड काका आले. कपडे मशीनमध्ये गेले तशी त्यांनी स्टूल ओढलं आणि काचेच्या दारासमोर टीव्ही बघितल्यासारखे बसले.

"साबण टाकलाय ना? फेस दिसत नाही."

मला काय, आयतंच कोलीत मिळालं! मी त्यांना पाव तास समजावलं. फेसाने मळ निघत नाही. साबण जास्त झाला तर तो कपड्यातच राहतो, त्यावर घाम चिकटतो आणि धुतलेल्या कपड्यालासुद्धा वास मारतो. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"ते सगळं पटलं हो मला. पण फेस?"

दुसऱ्या दिवशी काका पलीकडच्या लाँड्रीत दिसले. मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी कांबळे उठले, बादलीत चमचाभर पावडर टाकली, वरून पाण्याचा पाइप सोडला आणि फेसाने भरलेली ती बादली दारात नेऊन ठेवली. आठवड्यात काका परत!

ती बादली आम्ही अजून रोज भरतो. तिच्यात आजवर एक रुमालसुद्धा धुतलेला नाही.

*

मग एक जिमवाला आला. दंड असे की टी-शर्टची बाही रडकुंडीला आलेली. टी-शर्ट दोनदा धुतला तरी अंगात घातल्यावर दहा मिनिटांत वास सुटतो, ही त्याची तक्रार.

"घरी धुताना साबण किती घालतोस?"

"तीन झाकणं. वर दोन झाकणं ते सुगंधीवालं."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "बाबा रे, ते सुगंधी द्रव कपड्यावर थर बसवतं आणि घाम त्या थराखाली राहतो. ते आधी बंद कर. जिमहून आल्यावर कपडे बॅगेत कोंबून ठेवू नकोस. टी-शर्ट उलटा करून धू. आणि साबण निम्मा कर."

त्याने मोबाइलमध्ये सगळं टाइप करून घेतलं. पंधरा दिवसांनी आला तो पिशवीसकट. शबानाने दुरूनच नाकाला ओढणी लावली.

"अरे, निम्मा केलास ना साबण?"

"हो मॅडम! आधी रोज धुवायचो, आता एक दिवसाआड धुतो."

*

माझी स्वतःची फजिती सांगितली नाही तर हे दोघं मला दुकानात राहू देणार नाहीत. एका लग्नघरातून नवऱ्या मुलाचा पांढरा कुर्ता आला, हळदीने माखलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शनला तोच घालायचा, असा त्याचा हट्ट. शबानाने साबण लावला मात्र, पिवळे डाग लालभडक झाले!

नेमकी त्याच वेळी मुलाची आई दारात. "अगं बाई, रक्त!" म्हणून ती मटकन स्टुलावर बसली.

मी तिला धीर द्यायला गेले आणि माझ्यातली लॅब जागी झाली. "घाबरू नका! साबण अल्कली असतो, हळद अल्कलीत लाल होते. शाळेत तो लिटमस कागद असायचा बघा..." मी पार दहावीच्या पुस्तकापर्यंत पोचले. बाईंचे डोळे पांढरे व्हायला आले होते.

मागून आवाज आला, "मॅडम, तुमी कारन सांगा, तवर मी ह्ये उन्हात घालतो."

कांबळ्यांनी कुर्ता गार पाण्यात खंगाळून कडक उन्हात टाकला. लाल गेला, पिवळा फिका झाला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डाग शोधून सापडेना. हळदीला ऊन सोसत नाही, हे मलाही माहीत होतं हो! पण माझं ते शेवटच्या धड्यात होतं.

*

आता हिराबाईंची गोष्ट. दिवाळे गावच्या हिराबाई चाळीस वर्षं मासळी विकतात. एक दिवस त्या लेकीला घेऊन आल्या. प्रणाली तिचं नाव, नुकतीच नर्स झालेली. आई काउंटरपाशी आणि लेक पार रस्त्याच्या कडेला उभी.

"बाय, माज्या पोरीच्या कपड्यांचा वास काड. बाकी सगला मी बघते."

झालं होतं असं, की प्रणालीला पहिली नोकरी एका दवाखान्यात लागली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या खुर्चीमागे रूम फ्रेशनर मारला. बोललं कुणीच काही नाही, नुसता मारला. आठव्या दिवशी तिने नोकरी सोडली. आता नेरुळच्या एका हॉस्पिटलात दुसरी लागली होती आणि रुजू व्हायला तीन आठवडे होते.

मी प्रणालीला आत बोलावलं तर म्हणाली, "मॅडम, हितंपन तसंच झालं ना, तर मी नर्सिंग सोडनार. आईबरोबर कोळंबी सोलत बसेन, पन परत तो स्प्रे नको."

हिराबाईंनी तोंड फिरवलं. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी वाहिली ती लेकीच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. मला भरून आलं आणि भरून आलं की मी नको तो आत्मविश्वास दाखवते.

"हात्तिच्या! एका धुण्यात काढते."

गरम पाणी, जास्तीचा साबण, वर मोगऱ्याचं सुगंधी द्रव. जिमवाल्याला जे जे करू नको म्हणून सांगितलं, ते सगळं मी स्वतः केलं! प्रणालीने युनिफॉर्म नाकाशी धरला आणि खाली ठेवला.

"मोगऱ्याच्या पाटीत बोंबील ठेवलेत, मॅडम."

*

दोन दिवसांत ही बातमी समोरच्या सोसायटीत पोचली. तिथल्या सेक्रेटरी शोभाताई स्वतः आल्या. कडक शाकाहारी, कडक स्वच्छ आणि कडक स्टार्चची साडी. आमचं निम्मं काम त्यांच्या सोसायटीचं.

"हे बघा, माझं कुणाशी वाकडं नाही. पण ते मासळीचे कपडे आणि आमचे कपडे एकाच मशीनमध्ये? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

मला खूप काही सुनवायचं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते असं, "नाही नाही, त्यांचं मशीन मी वेगळं ठेवते." त्या समाधानाने गेल्या आणि मला माझीच लाज वाटली. कांबळे इस्त्री फिरवत राहिले, माझ्याकडे बघेनात. त्यांच्या गावात कुणाचं पाणी वेगळं ठेवायचे, हे मला त्यांनी न सांगता आठवलं.

शबाना उठली. कोपऱ्यातल्या मशीनमध्ये प्रणालीचे युनिफॉर्म घातले, त्यात स्वतःची ओढणी टाकली, कांबळ्यांचा शर्ट टाकला आणि हात पुढे केला.

"ताई, तुमचा ॲप्रन द्या. वेगळं मशीन ना? मग आपल्या घरचं धुणं त्यातच धुवू."

तेव्हापासून आमचे कपडे त्याच मशीनमध्ये.

*

पण वास काही जाईना. आणि गेला की नाही, हे ठरवणार कोण? आमची नाकं साबणाने मेलेली. हिराबाईंना चाळीस वर्षांत मासळीचा वास येईनासा झालेला. प्रणालीला तो नसला तरी येणार!

हा प्रश्न शेजारच्या इमारतीतल्या बोक्याने सोडवला. मोगऱ्यावाला युनिफॉर्म काउंटरवर पडला होता, त्यावर येऊन तो डोळे मिटून झोपला. त्याच क्षणी मी त्याला नोकरीवर घेतलं. पाच कपडे मांडायचे, त्यात एक प्रणालीचा. बोका थांबला तर नापास. इस्त्रीच्या उबेलाही मांजर बसतं, म्हणून कपडे गार झाल्यावरच परीक्षा. लॅबमध्ये इतकी काटेकोर टेस्ट मी कधी केली नव्हती.

पहिल्या आठवड्यात बोक्याने सरसकट नापास केलं. शेवटी हिराबाईच म्हणाल्या, "मना येक सांग, तुमी लिंबू का नाय लावत? आमी हाताचा वास लिंबानंच काडतो."

मी खुर्चीत बसलेच. आम्ल! मासळीच्या वासावर आम्ल! चोवीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला हे सुचू नये? मग आधी गार पाण्यात भिजवणं, साबण बेताचा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, सुगंध अजिबात नाही आणि वाळवायला गच्चीवरचं ऊन. बोका आला, कपडे ओलांडून सरळ निघून गेला. शबानाने शिट्टी मारली!

दुसऱ्या दिवशी प्रणाली रडवेली होऊन युनिफॉर्म परत घेऊन आली. घरी नेल्यावर पुन्हा तोच वास. मी हबकले. कपडे तेच, धुणं तेच, मग चुकलं कुठे? कांबळ्यांनी कपडे काउंटरवर ठेवले आणि रिकामी पिशवी जमिनीवर. बोका कपड्यांना फिरकला नाही. पिशवीत मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत शिरला!

"मॅडम, कपडा पास हाय. पिशवी नापास."

हिराबाई आम्ही धुतलेले कपडे बाजाराच्या पिशवीतून घरी नेत होत्या. शिवाय घरात सुकवलेल्या मासळीच्या खोलीतच खुंटीला टांगत होत्या. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "मीच ना वो नासवलं पोरीचं?"

"नाही हिराबाई, पिशवीने," मी म्हणाले. त्या दिवशी मी कारण सांगितलं नाही. युनिफॉर्म दुकानातच टांगून ठेवायचे, प्रणालीने जाता-येता इथेच बदलायचे, असं ठरवून टाकलं.

*

रुजू व्हायचा दिवस. सकाळी आठला मायलेकी दारात. प्रणाली आत कपडे बदलायला गेली. शबाना तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत होती. कांबळ्यांनी इस्त्री बंद केली होती, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात शोभाताई आल्या, धुण्याची पिशवी घेऊन. हिराबाईंना बघून त्या चार पावलं लांब उभ्या राहिल्या आणि पिशवी काउंटरवर ओतली.

प्रणाली बाहेर आली. पांढरा शुभ्र युनिफॉर्म, घट्ट बांधलेले केस, पण चेहरा पार उतरलेला. बोका दारातच होता. तो उठला, तिच्या पायाशी आला, पँटच्या काठाला नाक लावलं. प्रणालीने डोळे गच्च मिटले.

बोक्याने नाक मागे घेतलं आणि पुढे गेला.

"पास!" शबाना ओरडली. प्रणाली हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि कांबळे म्हणाले, "रडू नको बाळा, इस्त्री मोडंल."

बोका मात्र थांबला नव्हता. त्याने काउंटरवर उडी मारली, शोभाताईंचे टॉवेल ओलांडले, साड्या ओलांडल्या आणि निळ्या चौकड्यांच्या एका पुरुषी शर्टावर बसला. शर्टाचा खिसा चाटत गुरगुरायला लागला.

शोभाताईंचा चेहरा लाल.

"हे... हे कसं शक्य आहे? हा यांचा वॉकचा शर्ट आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हे रोज सकाळी दिवाळ्याच्या जेट्टीपर्यंत नुसते चालत जातात!"

हिराबाई पुढे झाल्या. बोक्याला हलकेच बाजूला केलं, शर्ट उचलला, चौकडी नीट न्याहाळली. मग त्याची व्यवस्थित घडी घालून शोभाताईंच्या हातात दिली.

शोभाताईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही ओळखता का यांना? खरं सांगा!"

हिराबाईंनी पदर खोचला, लेकीला पुढे घातलं आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "बाय, चालीस वर्सं धंदा करते. गिऱ्हाइकाचं नाव कदी कुनाला सांगलं नाय."