अणदूरचं टेबल

शनिवार, सकाळचे अकरा. हजर: मी, पुण्याहून आलेली सल्लागार मुलगी आणि माझे व्याही.

माझ्या व्याह्यांइतका संथ माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही. लेकीचं लग्न जमायच्या आधीपासून आम्ही एकाच दूध डेअरीत आहोत. मी ऑफिस बघते, ते संगणक. गावोगावच्या दूध-संकलनाच्या नोंदी जुन्या मशीनवरच्या डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे नोंदींच्या कोठारात, गावागणिक एक टेबल अशा ठेवलेल्या. महिनाअखेरीला ते मशीन बंद होणार, त्याआधी सगळं क्लाउडवरच्या नव्या टूलमध्ये आणायचं. ‘सगळे निवडा’वर टिक केलं की झालं, असा माझा हिशेब. व्याही मात्र एकेक टेबल उघडत, त्या गावच्या संकलकाला फोन लावत, आधी तब्येत विचारत आणि मग प्रत्येक रकान्याचा अर्थ. लोहाऱ्याच्या टेबलात ‘पाहुणे’ असा रकाना निघाला. गावात लग्न असलं की दूध घरीच राहतं, म्हणून संकलकानं तो घातलेला. हे कळल्यावर व्याही दिवसभर खुशीत. काका, टेबलं आणताय की सोयरीक जमवताय, असं त्या मुलीनं विचारलं. चौकशी दोन्हीला लागते, असं ते गंभीरपणे म्हणाले.

त्या शनिवारी ते चहाला गेले आणि मी मुलीला टिक करायला लावलं. टेबलं भराभर आली. मी माझ्या कामांच्या यादीत ‘झाले’ लिहिलं, मुलगी एसटीनं गेली. मशीन बंद करा, असं मालकांना कळवायला मी फोन उचलला, तेवढ्यात व्याह्यांनी लोहारा उघडलं. रकान्यांची नावं जागेवर, खाली एकही नोंद नाही.

“विहीणबाई, ही नुसती पत्रिका आलीय. वऱ्हाड अजून तिकडंच हाय.”

मालकांऐवजी मुलीला फोन केला. टिक करून होतो त्या इम्पोर्टमध्ये फक्त साचा येतो, नोंदी वेगळ्या ओढाव्या लागतात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं, असं ती म्हणाली. सांगितलं असेल. मी तेव्हा यादी बघत होते.

मग नोंदी आल्या, व्याह्यांच्या चालीनं, गावामागून गाव. राहिलं फक्त अणदूर. तिथल्या टेबलात ‘क’ नावाचा रकाना आहे, त्यात कधी शून्य, कधी एक. ते केंद्र बंद पडलंय, संकलक लेकीकडं सोलापूरला गेला आणि त्याचा नंबर बदलला. “कशाचं हाय ते कळल्याबिगर न्यायचं न्हाय,” असं म्हणून व्याही थांबले, आणि गेल्या आठवड्यात निवृत्त झाले. आता रोज सकाळी माझ्या लेकीच्या फोनवरून मला विचारतात, अणदूरचं काही कळलं का.

मशीन बंद व्हायला चार दिवस आहेत. अणदूरच्या नोंदी ओढायला एक बटण पुरतं. मी ते अजून दाबलेलं नाही. यादीत एकच ओळ उरलीय: अणदूरला जाऊन संकलकाचा नवा नंबर आणणे.