आप्पांच्या कॅसेटची बी साइड

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घरात नवस नाही, अंगात येणं नाही. शिवाय मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनीअर... वायर तुटली की आवाज बंद, एवढंच शिकलोय. तरी लिहितोय, कारण चार वर्षं झाली, राग जात नाही.

ऑगस्ट २००४. ॲरिझोनातलं चँडलर.

माझे वडील, आप्पा, कारंज्याला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो, भोंगे आमचे. त्या भोंग्यांवर मी शिकलो, घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो. आप्पांना मात्र सहीपुरतंच लिहिता यायचं. म्हणून मी अमेरिकेत आल्यावर ते पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. सुरुवात ठरलेली – माइकवर दोन टिचक्या, मग 'हॅलो... चेक... वन, टू, थ्री', आणि मग घरची खबरबात.

शेवटची कॅसेट पोचली तेव्हा आप्पांना जाऊन चार दिवस झाले होते. ए साइड मी माझ्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये ऐकली. बी साइड ऐकवेना... ती ऐकली की संपलंच ना सगळं! दोन महिन्यांनी धीर करून कॅसेट उलटी घातली, तर टेप डेकमध्येच अडकली. वाजेनाही, बाहेरही येईना.

माझा रूममेट मंदार, पुण्याचा. अमेरिकेत नवीन होतो तेव्हा यानेच मला महिनाभर सांभाळलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, "डेक काढून टाक. नवा सीडी स्टिरिओ बसवू शनिवारी. अडकलंय काय त्यात?"

"काही नाही रे... जुनी गाणी."

त्याचे वडील प्रोफेसर. माझ्या वडिलांना पत्र लिहिता येत नव्हतं, हे मला सांगवलं नाही.

शनिवारी सकाळी मला कामावर बोलावलं. दुपारी परतलो, तर मंदार ट्रकपाशी घामाघूम, हातात स्क्रू ड्रायव्हर. "सरप्राइज!" डॅशबोर्डमध्ये नवा स्टिरिओ, निळे दिवे.

"जुना डेक कुठाय?"

"डम्पस्टरमध्ये टाकला. मघाशीच कचऱ्याचा ट्रक येऊन गेला. अरे, चेहरा काय पाडतोस? गाणीच ना? सीडी बर्न करून देतो यार."

मी धावत जाऊन पाहिलं. डम्पस्टर रिकामा.

परत येऊन मी तो नवा स्टिरिओ दोन्ही हातांनी ओढला. क्लिपा तुटल्या, बोट कापलं. "आप्पा होते त्यात! माझ्या आप्पांचा आवाज होता, नालायका!"

"मग सांगायचं ना गाढवा! गाणी आहेत असं तूच म्हणालास!"

तो खरं बोलत होता, म्हणून मी आणखी चिडलो. हिसका मारला. सगळ्या वायरी तुटून स्टिरिओ माझ्या मांडीवर आला. निळे दिवे विझले. डॅशबोर्डच्या चौकोनी भोकातून तांब्याची उघडी टोकं लोंबत होती.

तेवढ्यात माझ्या बाजूच्या दारातला स्पीकर वाजला.

ठक्. ठक्.

"हॅलो... चेक... वन... टू..."

बस्स.

मंदार दोन पावलं मागे सरकला. "संज्या... माइक टेस्ट कोण करतंय?"

कॅसेट कशी सुरू व्हायची, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

नंतर मी सगळं तपासलं. मल्टीमीटर लावला, स्पीकर उघडला. जवळपासच्या रेडिओचा सिग्नल शिरला म्हणावं, तर चँडलरमध्ये आप्पांच्या आवाजात कोण बोलणार? मंदारला आजही विचारा, तो 'ऐकलं' म्हणतो आणि विषय बदलतो.

त्या दिवशी मी तापलेल्या सीटवर ऊन उतरेपर्यंत बसून होतो. दाराला कान लावून म्हणत होतो, "आप्पा, चेक झाला. येतोय आवाज. बोला ना." 'थ्री'सुद्धा आलं नाही.

आधी राग मंदारवर होता. मग स्वतःवर – आप्पांना 'जुनी गाणी' म्हणालो म्हणून. आता खरं सांगू? आप्पांवर आहे. जन्मभर दुसऱ्यांसाठी माइक चेक करायचे आणि बाजूला व्हायचे. त्या दिवशी माइकसमोर दुसरं कोण होतं? का नाही बोललात?

ट्रक अजून माझ्याकडेच आहे. डॅशबोर्डमधलं भोक मी बुजवू देत नाही.