भंडारा फक्त बाप्यांनी उचलला

इनामदार निवडणुकीत पडले, तेव्हा बेळगावच्या वकिलांनी त्याची बरीच कारणं शोधून काढली. कुणी म्हणे देशभर खादीचं वारं होतं, कुणी म्हणे इनामदारांच्याच माणसांनी दगा दिला. मला हसू यायचं. आमच्या गावात येऊन एखाद्या बाईला विचारलं असतं, तरी काम भागलं असतं.

काकतीच्या पुढं आमचं गाव. गावाच्या गायरानाला काटेरी कुंपण घालून इनामदारांनी ते गिळलं होतं. चरायला जागा नाही, म्हणून दावणीला बांधलेल्या आमच्या गाईंची हाडं दिसायला लागली होती. प्रांताच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध एक खादीवाले मास्तर उभे होते. गायरान सोडवीन, असा त्यांनी शब्द दिला होता. इनामदार आले असते, तर ते कायमचंच गेलं असतं.

पण इनामदार काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी शेतसारा भरणाऱ्या सगळ्या बाप्यांना देवीच्या देवळात बोलावलं आणि हातात भंडारा देऊन शपथ घ्यायला लावली. देवीची ती हळद उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. गावोगाव त्यांनी हेच केलं. आमचे हे पिवळ्या हातांनी घरी आले आणि जेवायलाही उठले नाहीत.

"झालं. गायरान गेलं," एवढंच म्हणाले.

मी गप्प बसले. बोलले असते, तर त्यांनी मलाही शब्दात बांधून घेतलं असतं.

त्या खेपेला लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनाही मत होतं. मी माहेरी बेळगावात चौथी पास झालेली. दुपारी शेजारणींना अक्षरं शिकवायचे, म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या. त्या सगळ्यांकडून अर्ज करवून मी त्यांची नावं यादीत चढवली होती. आसपासच्या गावांतही अशा बायका होत्या. इनामदारांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण नवऱ्यानं भंडारा उचलला की त्यात बायको आलीच, असं ते धरून चालले. आम्हाला देवळात बोलवावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. केवढी ती गुर्मी!

सकाळी आम्ही त्यांच्याच बैलगाडीतून मतदानाला गेलो, त्यांच्याच जिलेबीवर ताव मारला आणि मतं मास्तरांना देऊन आलो.

इनामदार थोडक्या मतांनी पडले. चावडीपुढं हलगी कडाडली, तशी मी उलथनं हातात धरूनच चुलीपुढं नाचले. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. वळून बघते, तर हे दारात उभे.

"कुणाला घातलंस गं मत?"

"मास्तरास्नी."

"मी शब्द पाळला. इनामदाराला घातलं." त्यांचे डोळे भरून आले. "लई बरं झालं, तुला कुणी इचारलं न्हाय."

बाहेर सगळा गाव कुंपण उपटायला निघाला होता. यांनी गाई सोडल्या, दावी माझ्या हातात दिली आणि बाजूला सरून म्हणाले, "हो पुढं."

भर गल्लीतून मी पुढं चालले. हे मागून येत होते.