व्हीपी साहेबांचा रडार डिटेक्टर

व्हीपी साहेबांनी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "गायकवाड मॅडम, म्हातारं झालंय बहुतेक. काढून टाकायचं की अजून चालेल, ते सांगा."

माझ्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. त्यामुळे क्षणभर मी वेगळाच अर्थ घेतला.

डबा सिगारेटच्या पाकिटाएवढा होता. मागे काचेला चिकटवायच्या दोन रबरी वाट्या, पुढे लाल दिवे. साहेबांच्या साडूंनी खूप वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला रडार डिटेक्टर. रस्त्यावर पोलीस स्पीडगन लावून उभे असले की हा आधीच बीप करतो. मग आपण ब्रेक दाबायचा, सज्जन चेहरा करून पोलिसांसमोरून जायचं आणि पुढे गेल्यावर पुन्हा मूळ स्वभावावर यायचं. जगातले हुशार लोक कशावर डोकं चालवतात ते पाहून मला नेहमीच भरून येतं.

मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागाची प्रमुख होते. टाक्यांमधलं प्रेशर, टेंपरेचर, लेव्हल मोजणारी यंत्रं सांभाळायची, हे माझं काम. आमच्या मोठ्या टाक्यांवर लेव्हल मोजायला रडार बसवलेलं असतं. वरून लहर सोडायची, ती खालच्या द्रवावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, की टाकी किती भरली ते कळतं. एवढ्या भांडवलावर कंपनीने मला रडारतज्ज्ञ ठरवलं होतं.

"साहेब, नेमकं झालंय काय?" मी विचारलं.

"दोन महिन्यांत पाच चलनं. कंपनीच्या गाडीवर. ॲडमिनच्या मोबाइलवर मेसेज येतात, सगळ्यांना दिसतं. बरं वाटतं का ते?"

"पण हे लावायला कायद्यानं चालतं का?"

"ते लीगलवाले बघतील. तुम्ही टेक्निकल बघा. हा बिघडला असेल तर परचेस नवा मागवेल. चांगला असेल तर," त्यांनी खुर्ची मागे सारली, "तर मग अंकुशला बघावं लागेल. वाजूनसुद्धा हळू करत नसेल तर असा ड्रायव्हर ठेवायचा कशाला?"

अंकुश हा त्यांचा ड्रायव्हर. मांडवगण फराट्याचा, पंचेचाळिशीचा, कंत्राटदाराच्या पटावरचा. रोज सकाळी मोटारसायकलवर कंपनीत यायचा, साहेबांची गाडी पुसायचा आणि बोलावणं येईपर्यंत गेटजवळच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसायचा. नऊ वर्षांत त्याचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

दुपारी एचआरच्या मॅडमचा फोन आला. "तुमचा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत मिळेल ना? अंकुशचं पत्र तयार आहे, फक्त तारीख टाकायचीय."

म्हणजे डबा नापास झाला तर नवा डबा येणार होता आणि पास झाला तर माणूस जाणार होता. चाळीस वर्षांत इतकी सोपी चाचणी माझ्याकडे कधी आली नव्हती.

आधी टेबलावरची तपासणी केली. सप्लाय दिला, दिवे लागले, स्वतःची चाचणी त्याने स्वतःच पास केली. मग तो हातात घेऊन ॲडमिन बिल्डिंगच्या आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारासमोर गेले. त्या दारावर माणूस आला की नाही ते ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या लहरी पोलिसांच्या रडारगनसारख्याच. डबा किंचाळायला लागला. रिसेप्शनची मुलगी दचकली. मी मागे सरकले, तो गप्प झाला. पुढे गेले, पुन्हा किंचाळला. म्हणजे कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब दिवसभर मीटिंगमध्ये होते. गाडी आणि अंकुश दोन्ही मागून घेतले आणि आम्ही कुरकुंभहून यवतकडे निघालो. डबा काचेला लावला होता. मी वही उघडून बसले.

"अंकुशराव, हा नीट वाजतो का हो?"

"म्याडम, त्यो कवा वाजत न्हाई ते इचारा."

पाटसच्या अलीकडे पेट्रोलपंपाच्या दुकानाचं काचेचं दार. बीप. एक नवी कोरी गाडी डावीकडून पुढे गेली. बीप. अलीकडच्या महागड्या गाड्यांना बाजूचं वाहन ओळखायला स्वतःचं रडार असतं, डब्याला ते पोलिसांचं वाटतं. वरवंडला बीप, चौफुल्याला तीन बीप. यवत येईपर्यंत वहीत एकोणतीस खुणा झाल्या होत्या आणि पोलीस एकही दिसला नव्हता.

"साहेब काय म्हणतात एवढं वाजल्यावर?"

"फोनवर असले की म्हंत्यात, बंद कर ते. मी बंद करतो. फोन झाला की म्हंत्यात, चालू का न्हाई केलं?"

मोकळा रस्ता होता. अंकुश सरळ पासष्टवर चालवत होता. मी म्हटलं, "जरा नव्वदपर्यंत न्या. एक बघायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. टेस्टिंग आहे असं मी सांगितल्यावर मोठ्या नाराजीने पाय दाबला. काटा ऐंशीच्या पुढे गेला, नव्वदला टेकला. गाडीत शांतता.

"ही गाडी टिकटिक करत नाही?" मी विचारलं. हल्लीच्या गाड्यांना कंपनीतूनच स्पीड अलार्म येतो. ऐंशीच्या वर गेलं की मधूनमधून वाजतो, एकशेवीसच्या वर गेलं की थांबतच नाही. त्याला ना परदेश लागतो ना साडू.

"व्हती की. साहेबांनी गॅरेजमधनं काढून घ्यायला लावली. डोकं उठतंय म्हणले." आणि तो पुन्हा पासष्टवर आला.

मी वहीत लिहिलं. थोडा वेळ हसूच आवरेना. जो बीप खरा होता तो तोडून टाकला होता आणि खोटा बीप नीट वाजत नाही म्हणून मला कामाला लावलं होतं.

यवत ओलांडल्यावर कडुनिंबाखाली पोलिसांची गाडी उभी होती. बाहेर तीन पायांच्या स्टँडवर स्पीडगन, मागे एक हवालदार. आम्ही समोरून गेलो. डबा अगदी साधूसारखा शांत. मी तो काचेवरून काढून पर्समध्ये टाकला, अंकुशला पुढच्या धाब्यावर गाडी लावायला सांगितली आणि चालत मागे आले.

"दादा, हे यंत्र कसं चालतं हो?"

हवालदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शाळेच्या हाय का तुम्ही?"

"कंपनीत आहे. मोजायच्या यंत्रांचंच काम करते, म्हणून विचारलं."

दुपारची वेळ होती आणि त्याच्याशी बोलायला बहुधा सकाळपासून कुणी थांबलं नव्हतं. तो खुलला. "ही लेझरची हाय म्याडम. बघा, त्यो लांबचा टेंपो. दुर्बिणीतला लाल ठिपका नंबरप्लेटवर धरायचा. दाबलं. आला आकडा, निघाला फोटू."

लेझर म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बारीक झोत. रडारची लहर फवाऱ्यासारखी पसरते, म्हणून ती दुरून पकडता येते. लेझर सुईसारखा असतो. तो तुमच्या गाडीवर पडला तरच डब्याला कळणार, आणि पडला तेव्हाच आकडा आलेला असणार. डबा तेव्हा वाजला तर त्याला सूचना म्हणत नाहीत, सांत्वन म्हणतात.

तेवढ्यात एक महागडी गाडी शेजारून गेली आणि माझ्या पर्समधून किंचाळी आली.

"फोन वाजतोय तुमचा," हवालदार म्हणाला.

"मुलीचा आहे. नंतर बोलते."

"काही लोक परदेशातनं डबडी आणत्यात, आमाला वळखायला," तो हसत म्हणाला. "घावलं की काढून घेतो आमी. काय उपेग न्हाई त्याचा, पण हौस."

मी मान डोलावली आणि वयाच्या मानाने बऱ्याच वेगाने धाबा गाठला.

परत आले तर परचेसवाल्यांनी नव्या डिटेक्टरची माहिती टेबलावर ठेवलेली. ती मी मन लावून वाचली. नवा डिटेक्टर दुकानांची दारं आणि शेजारच्या गाड्या ओळखून गप्प बसणार होता. उत्तम. कुठे कायमचा कॅमेरा आहे ते नकाशावरून सांगणार होता. पण नकाशा ज्या देशांचा होता त्यांत चौफुला नव्हतं. आणि लेझरच्या रकान्यात बारीक अक्षरांत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ कडुनिंबाखालचा हवालदार आधीच सांगून गेला होता. थोडक्यात, जुना सारखा वाजून उपयोगाचा नव्हता, नवा गप्प राहून उपयोगाचा नसता.

इथे माझं काम संपलं होतं. पण मला इन्स्ट्रुमेंटवाल्यांची एक वाईट खोड आहे. रीडिंग विचित्र आलं की ते कधी आणि कुठे आलं ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ॲडमिनकडून पाचही चलनं मागवली. प्रत्येकावर जागा, वार, वेळ छापलेली असते. ती आजवर कुणी वाचलीच नव्हती.

चार चलनं चौफुल्याहून न्हावऱ्यावरून शिरूरला जाणाऱ्या रस्त्यावरची होती. चारही शनिवार दुपारची. शनिवारी अंकुशची सुट्टी असते. त्या रस्त्याला शिरूरच्या अलीकडे साहेबांनी शेत घेतलंय, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं. गेटवर जाऊन चावीचं रजिस्टर पाहिलं. चारही शनिवारी गाडीची चावी नेणाऱ्याची सही एकच, झोकदार, इंग्रजीत. माझ्या रजेच्या अर्जांवर तीच असते.

अंकुश कट्ट्यावर बसला होता. त्याला चारही कागद दाखवले.

"हे तुमचे नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? साहेबांची तक्रार साहेबाकडंच करायची व्हय?" त्याने पेपराची घडी घातली. "दोन पोरी शिकत्यात म्याडम. गप बसलं की दिस जातो."

मी कागद गोळा करायला लागले तसा तो म्हणाला, "त्यो पाचवा माझा हाय."

"काय?"

"पाटसचा. मंगळवारचा. मीच चालवत व्हतो. साहेब म्हणले दाब, मीटिंग हाय. म्या दाबलं. पण पाय माझा व्हता न्हवं?"

तो कागद मी वाचला होता. खरं सांगायचं तर रिपोर्टात त्याबद्दल जरा मोघम लिहायचं ठरवलं होतं. चार चलनं सुटत असताना पाचवा कशाला काढायचा, असं वाटलं होतं. आता लाज वाटली.

"ते लिहिलं तर एचआर तेवढंच धरून बसेल," मी म्हटलं.

"लिवा. चार माझे न्हाईत म्हणून सांगायचं आसल, तर एक माझा हाय म्हणून बी सांगाया पायजे."

शुक्रवारी मीटिंग झाली. साहेब, एचआरच्या मॅडम आणि मी. पानभर रिपोर्ट मी वाचून दाखवला. जुना डिटेक्टर चालू आहे, पण या रस्त्यावर निरुपयोगी. नवा घेतल्यास तोही निरुपयोगी, फक्त शांत. गाडीचा मूळ स्पीड अलार्म बंद केलेला आढळला, तो जोडावा. सोबत पाच चलनं आणि चावीच्या रजिस्टरच्या झेरॉक्स.

एचआरच्या मॅडमनी झेरॉक्स उचलली, सही पाहिली, साहेबांकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहायला लागल्या.

"मी तुम्हाला डिटेक्टर तपासायला सांगितला होता," साहेब म्हणाले.

"तोच तपासला सर. तो खरंच बरा आहे."

"हे रजिस्टर कशाला जोडलंय?"

"कॅलिब्रेशनसाठी." म्हणजे एका मापाशी दुसरं माप ताडून बघणं. त्यांना ते समजावून सांगायची गरज पडली नाही.

साहेबांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मी पेनाचं टोपण काढत-घालत बसले. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या बाईलासुद्धा ते आठ महिने हवे असतात.

"मंगळवारचं चलन अंकुशचं आहे ना?" शेवटी साहेब म्हणाले.

"हो. त्याने स्वतः सांगितलंय. तुम्ही मागे बसला होतात, हेही त्यानेच सांगितलं. ते मी लिहिलेलं नाही. लिहू का?"

साहेबांनी रिपोर्ट मिटला. "फाइल करा."

अंकुशचं काढून टाकायचं पत्र तारखेविनाच राहिलं. पाचव्या चलनाबद्दल त्याला लेखी समज मिळाली. त्याने ती दोनदा वाचून सही केली आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः अर्ज करून शिफ्टच्या बसवर गेला. बसमधले लोक तक्रार करतात की तो फार हळू नेतो.

नवा डिटेक्टर आला. कंपनीच्या कागदांत त्याची नोंद सुरक्षा साधनांमध्ये, हेल्मेट आणि हातमोज्यांच्या खाली आहे. साहेब खूश होते. "बघा मॅडम, किती शांत आहे," मला लिफ्टमध्ये म्हणाले. महिन्याभरात न्हावऱ्याचं सहावं चलन आलं, शनिवारचं. स्पीड अलार्म मी निवृत्त होईपर्यंत तरी कुणी जोडला नव्हता.

यंत्र जुनं झालंय, बदलावं का, असं मला अजूनही लोक विचारतात. मी आधी एवढंच बघते, की त्याचा आकडा कुणाला नकोसा झालाय. बहुतेक वेळा तेवढ्यावरच काम होतं.