ब्लाझेनाच्या दालनातला पडदा

चेक देशातल्या ब्र्नो शहरात, सरकारी कचेरीत, ब्लाझेनानं एकतीस वर्षं नकाशे काढले. गोठे, बालवाड्या, बसथांबे. आर्किटेक्ट म्हणून मनाजोगं काम एकच मिळालं, तेही मेलेल्यांचं: तिच्याच गावचं अंत्यनिरोपाचं दालन. कचेरीतल्या पुरुषांनी नाकं मुरडली, म्हणून ते तिच्या टेबलावर येऊन पडलं.

आमच्याकडे अशा दालनात भाषणं झाली, संगीत संपलं, की शवपेटीपुढे पडदा सरकतो. मग लोक उठतात. ब्लाझेनाला त्या पडद्याची भारी चीड. नऊ वर्षांची असताना तिचे वडील तसल्याच पडद्याआड गेले होते.

"माणूस गेलाय की नाटक संपलंय?" ती म्हणायची.

तिनं पडदाच उडवला. बाकांच्या बाजूला मोठं दार ठेवलं, बाहेर सफरचंदांची बाग. जिवंत माणसांनी आपल्या पायांनी उठून उजेडात जावं, एवढंच तिचं म्हणणं.

पहिला निरोप गावच्या पाववाल्याचा. संगीत संपलं आणि कुणी उठेचना! आधी पाठ कोण फिरवणार? वीस मिनिटं सगळे पुतळ्यासारखे बसून. शेवटी पाववाल्याची बायको हंबरडा फोडून म्हणाली, "यांना टाकून मी कशी जाऊ हो?"

महिन्याभरात नगरपालिकेनं जांभळा पडदा बसवला, तो ओढणाऱ्या विजेच्या मोटारीसकट. "बाई, तुमची हुशारी कागदावरच बरी," सचिव हसून म्हणाला. ब्लाझेनानं पुन्हा तिथे पाऊल टाकलं नाही. "अडाणी मेले!" एवढंच ती म्हणायची, पण ते शल्य काही गेलं नाही.

नवरा, वोय्तेख, चिडवायचा, "अगं, माझ्या वेळी घे खरं करून तुझं. मी काही उठून तक्रार करणार नाही."

मागच्या मे महिन्यात तो गेला. एक्क्याऐंशी वर्षांची ब्लाझेना दालनाच्या व्यवस्थापकापुढे, शिमेकपुढे, जाऊन उभी राहिली.

"पडदा ओढायचा नाही."

"काकू, लोक गोंधळतात हो."

"मी पहिली उठेन. मला बघून उठतील सगळे."

संगीत संपलं. दार सताड उघडं, बाग फुलून आलेली. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

"आई, ऊठ ना," लेक हेडविका कानाशी पुटपुटली.

ब्लाझेनानं बाकाची कड धरली. पाय धड होते तिचे, रोज दोन जिने चढायची. पण चार पावलांवर वोय्तेख होता. त्याच्याकडे पाठ करून फुलं बघायला जायचं? असलं कसलं दार काढून ठेवलं होतं तिनं! पाववाल्याच्या बायकोचा तो हंबरडा चाळीस वर्षांनी तिच्या काळजात शिरला, आणि तिला रडू आवरेना.

"शिमेक, ओढा."

"काय, काकू?"

"पडदा. ओढा हो. मला नाही जमायचं."

मोटार घरघरली. जांभळं कापड हळूहळू पुढे आलं. वोय्तेख दिसेनासा झाला, तेव्हा कुठे ती उठली.