पुठ्ठ्यात जायची पत्रं

पस्तीस वर्षं खळीत बोटं बुडवून बाइंडरची नखं निळसर झाली होती. कसर लागू नये म्हणून तो खळीत मोरचूद कालवायचा. दुपारी सरकारी छापखान्याच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा उतरायचा, त्यात धूळ तरंगायची, आणि शिवता शिवता त्याला वाटायचं, आपण तळ्याच्या बुडाशी बसलोय आणि वरून कागद पाण्यासारखे हलताहेत.

देशाची नवी राज्यघटना बांधायला आली होती. घटना समितीच्या सभासदांसाठी तीनशे प्रती, परवा मंजुरी. पुठ्ठा कमी पडला तसा फोरमननं दहा पोती आणून ओतली.

"रद्दी आहे. थरावर थर चिकटव."

बाइंडरनं हात घातला तर पत्रं. मसुद्यावर सूचना पाठवा म्हणून सहा महिने रेडिओ घसा फोडत होता, ती ही पत्रं. एकही फोडलेलं नव्हतं.

"फोरमनसाहेब, हे न वाचताच?"

"लोकांना विचारलं असं जाहीर झालंय. विचारलं तर होतंच ना? तू कव्हर घाल, आत डोकावू नकोस."

तो पत्रं उचलत राहिला. प्रत्येकातून कुणीतरी हळूच बोलतंय असा त्याला भास व्हायचा. मग एका पाकिटाच्या कडेला निळी खळ दिसली. ही खळ त्यानंच कालवून घरी नेलेली. पाकीट आक्काचं.

थोरली बहीण. नवरा गेला त्या महिन्यात दिरांनी तिला घराबाहेर काढलं. अकरा वर्षं याच्याकडे होती. नवऱ्यामागं बाईला राहत्या घरातून कुणी हुसकू नये, एवढंच तिनं तीन दिवस खपून लिहिलेलं. रोज विचारायची, उत्तर आलं का. हा म्हणायचा, सरकार आहे, दमानं वाचतंय.

पुठ्ठ्यासाठी त्यानं जुनी कॅलेंडरं फाडली. पत्रं फोडली आणि दर प्रतीत पहिल्या पानाआधी एकेक शिवलं, न निवडता, हाताला येईल ते. आक्काचं तेवढं अध्यक्षांच्या प्रतीत घातलं. एवढी लबाडी केली. हजारो तशीच पडून राहिली. फोरमननं पुस्तकांच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं तपासली आणि खोके रवाना केले.

संध्याकाळी आक्कानं ताट वाढता वाढता विचारलं, "आलं का रे काही?"

"तुझं पाकीट फुटलंच नव्हतं, आक्का. कुणाचंच नाही. मी फोडलं, पुस्तकात शिवलं. अध्यक्षांच्या."

तिचा हात थांबला. "वाचतील?"

"उघडलं तर पहिलं तेच दिसेल. मंजुरीला हात मात्र वर करायचे ते करतीलच."

"आणि तुझी नोकरी?"

"जाईल बहुतेक."

आक्कानं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"आधी सांगायचंस की," ती म्हणाली. "अक्षर जरा बरं काढलं असतं."