तिसरं पान

शेतात पाय ठेवला की काकी आधी वाकायच्या. चिमूटभर माती जिभेवर ठेवायच्या, बाजूला थुंकायच्या आणि लोणच्याची चव सांगावी तसं सांगायच्या, "आंबट हाय गं. राख आण."

काकी माझ्या शेजारच्या. खालापूरहून कर्जतकडे निघालात की डाव्या हाताला आमची आळी लागते. राखेवर त्यांचा फार जीव. भांड्यांना राख, मुंग्यांना राख, बियाण्याच्या मडक्यात राख. मी म्हणायचे, "काकी, एक दिवस चहात घालाल." "घालीन की, तुझ्याकडचं पावनं आलं म्हंजी," असं वर उत्तर.

त्या मडक्यात माहेरचे वाल होते, आईने ओटीत घातलेले. भात कापलं की मागच्या ओलीवर ते पेरायचे आणि आलेल्यातले पुढच्या सालासाठी राखून ठेवायचे. दुकानातलं बी काकींच्या शेतात कधी पडलं नाही. थंडीत सगळी आळी पोपटीच्या मडक्यात भाजायला त्यांच्याच शेंगा न्यायची. "खावा रं, पन बियाच्या वेलाला हात लावाल तर बघा!"

एका साली लावणीनंतर बेणणीला माणसं मिळेनात, म्हणून काकींच्या मुलाने भातात तण मारायचं औषध फवारलं. हात जरा सैलच सोडला. काकी त्याला म्हणाल्या, "इष घातलंस, आता उतरवाया नको?" उतरवायला त्यांच्याकडे एकच उपाय. भात निघाल्यावर घरोघरच्या चुलींची राख मागितली, माझ्या बंबाखालचीही नेली. गिरणीवरून तुसाची राख टेंपो भरून आणली. शेत पांढरंफटक केलं आणि मडक्यातले जवळजवळ सगळे वाल पेरले.

वाल उगवले. पहिली दोन पानं हिरवीगार. काकींनी मला ओढत नेऊन दाखवली. तिसरं पान आलं ते पिवळं, मुडपलेलं. तिथंच वाढ थांबली. काकी म्हणाल्या, "राख कमी पडली." आणि आणखी घातली.

शेवटी माती तपासणारे एक साहेब आले. तरुण, पण बोलायला गोड. शेताच्या बांधावर उकिडवे बसून सांगू लागले, "आजी, मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. औषध तेच खाऊन संपवतात. हे जे औषध आहे ना, ते आंबट मातीत लवकर फुटतं, मग जंतू उरलेलं संपवतात. तुम्ही राखेने आंबटपणाच मारलात. आता ते लवकर फुटत नाही, आणि जंतूंनाही चटकन उरकत नाही."

"म्हंजी त्यांच्या ताटात मीच राख घातली," काकी म्हणाल्या.

साहेब हसले. आम्ही हसलो नाही.

"राख परत गोळा करता येती का रं, बाबा?"

"नाही, आजी. वाट बघायची. दुसरं एखादं औषध असतं, तर तुमची राख कामाला आलीही असती."

त्यांनी एक युक्ती सांगितली. शेतातली माती कुंडीत भरायची आणि त्यात चार वाल लावून बघायचे. तिसरं पान धड आलं तर शेत सुधारलं म्हणायचं.

मग काकींच्या ओट्यावर कायम एक कुंडी. मडक्याच्या तळाशी मूठभर वाल राहिले होते, त्यांतलेच लावायचे. मी म्हटलं, "काकी, परीक्षेला दुकानातले लावा." तर म्हणाल्या, "ह्यांना सोसवंल का ते दुसऱ्याचं बी काय सांगंल?" दर वेळी तेच. दोन पानं हिरवी, तिसरं पिवळं. मूठ रिकामी होत चालली होती. तुम्हीच सांगा, अशा बाईला काय म्हणायचं? मी नुसती शेजारी बसायचे. जिभेवर माती ठेवणं त्यांनी बंद केलं होतं. "आता जिबेवर काय इस्वास न्हाय, बाय."

पावसाळा ओसरता ओसरता त्यांना ताप भरला. मडक्यातले शेवटचे वाल त्यांनी पडल्यापडल्या माझ्या हातात दिले. "लाव. पानी बेतानं घाल. आनि राख नको हां."

उगवलेलं बघायला त्या राहिल्या नाहीत.

कुंडी आता माझ्या ओट्यावर आहे. त्या शेवटच्या वालांतला एकच वर आलाय. दोन पानं हिरवीगार आहेत. तिसरं अजून मिटलेलं आहे. सकाळी उठले की आधी तिथे जाते, वाकून बघते, आणि हात मागे बांधून उभी राहते.